पाठमोऱ्या बायकांचे फोटो

माझं नाव शांता. ज्या आत्यानं हे नाव ठेवलं तिनं मला झोपलेलीच पाहिलं असणार. मला एका जागी बसवत नाही. हे लिहायला घेतलं तेव्हापासून दोनदा उठून दूध पाहून आले, एकदा दाराची कडी पाहिली, ती लावलेलीच होती. अशा बाईला डॉक्टरांनी वर्षभर झोपून राहायला सांगितलं होतं. म्हणजे विचार करा.

मी हे त्या बाईसाठी लिहिते आहे जिला आजच कळलं असेल. औषधांचं डॉक्टर सांगतील, त्यातलं मला काही कळत नाही. पण घरी परत जाताना पाय कसे पडतात, डोक्यात काय काय भणभणतं, ते मला ठाऊक आहे. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. वर्ध्याच्या बाहेर होता एवढं पुरे.

कापसाचा पुंजका

आणीबाणी सैल झाली होती, निवडणूक आली होती, हिंगणघाटात भोंगे लावलेल्या जीपा फिरत होत्या आणि मी खोकत होते. दिवाळीपासूनचा खोकला. आमचं घर मिलच्या चाळीत, हे मिलमध्ये कामाला. चाळीत सगळेच खोकायचे, कापसाचा बारीक केर नाकातोंडात जायचाच. म्हणून कोणाला काही वाटलं नाही. मीना तेव्हा जेमतेम वर्षाची, अंगावर पिणारी. सासूबाई, त्यांना आम्ही नुसतं बाई म्हणायचो, म्हणायच्या, "लेकरू पेते म्हून कमजोरी हाय. उडदाचे लाडू खाय."

लाडू खाल्ले. मग एका सकाळी मोरीत रक्त पडलं. मी पटकन तांब्याभर पाणी ओतलं आणि ते वाहून गेलेलं पाहत उभी राहिले. दुसऱ्या दिवशी परत पडलं तेव्हा ह्यांना सांगितलं. हे चपला घालून बाहेर गेले आणि कुठे न जाता परत आले.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी माझ्या छातीचा काळा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. पेन्सिलीनं एक जागा दाखवली. मला तिथे कापसाचा पुंजका दिसला, जसा साडीला चिकटतो तसा. वाटलं, हाच का तो, झटकला की जाईल. डॉक्टर म्हणाले, "टीबी आहे. बरा होतो. पण इथे राहावं लागेल." तोवर मी धीरानं ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "लेकराला अंगावर पाजता?"

"हो."

"आजपासून बंद. जवळही घ्यायचं नाही."

टीबी म्हटल्यावर माझ्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं. हे ऐकलं आणि मी तिथल्या लाकडी बाकावर अशी रडले की बाहेर रांगेत बसलेला म्हातारा आत डोकावून गेला. एसटीतून परत येताना छाती भरून आली होती, पोलकं भिजलं, मी पदर दोनदा लपेटून घेतला. ह्यांनी पाहिलं आणि खिडकीबाहेर तोंड केलं.

घरी पोचलो तर मीना ओट्यावरच. मला पाहून दोन्ही हात वर केले तिनं. बाईंनी ह्यांच्या चेहऱ्यावरून ओळखलं, पोरीला उचललं आणि मिलच्या मैदानाकडे चालत निघून गेल्या. पोर पार वळणापर्यंत रडत होती. मी घरात जाऊन ट्रंक भरली. काय भरलं ते आठवत नाही, दवाखान्यात उघडली तेव्हा त्यात मीनाचं एक झबलं आणि कुकरची शिट्टी निघाली.

चाळीत सांगितलं, शांता आर्वीला माहेरी गेली, तिच्या आईचा पाय मोडला. खरं सांगितलं असतं तर सार्वजनिक नळावर आमचा हंडा कोणी रांगेत ठेवू दिला नसता. माझी आई धडधाकट होती. बिचारीला वर्षभर पाय मोडून घ्यावा लागला.

वॉर्ड

दवाखान्यात सकाळ सुईनं व्हायची. रोज एक सुई. बसायची जागा अशी दुखायची की आम्ही बायका बदकासारख्या चालायचो आणि एकमेकींना हसायचो. कानात शिट्टी वाजायची. गोळ्या अशा ढीगभर, की गोळ्यांनीच पोट भरावं. दुपारी सक्तीचा आराम, आणि तिथेच माझं भांडण. मी उठायची. खिडकीपर्यंत, दारापर्यंत, परत खिडकीपर्यंत.

"शांताबाई, खाटेले बांधून ठेवू काय?" कमल सिस्टर ओरडायच्या.

शेजारच्या खाटेवर कौसल्याबाई. सेलूकडच्या, माझ्याहून मोठ्या, दोन जाणत्या पोरांची आई. ट्रंकेच्या झाकणात आतून बाबासाहेबांचा फोटो चिकटवलेला, सकाळी झाकण उघडून जयभीम करायच्या आणि मगच दात घासायला जायच्या. माझ्या फेऱ्यांनी त्या वैतागल्या होत्या.

"मरायचं अशीन तं मर व माय," एकदा म्हणाल्या, "पन बसून मर. तुह्या फिरन्यानं मलेच चक्कर येऊन राह्यली."

त्या दिवशी मी दवाखान्यात पहिल्यांदा पोटभर हसले. हसता हसता खोकला आला, दोघींनाही, आणि दोघी आपापल्या मगात थुंकलो. असं आमचं मैत्र जमलं.

भीतीचं काय सांगू. सकाळी एखादी गादी उन्हात टाकलेली दिसली की आम्ही समजायचो. कोणी विचारत नसे. मी तेवढं पाहायची आणि त्या दिवशी फेऱ्या वाढायच्या. मरणाची भीती वाटायची, खोटं कशाला बोलू. पण त्याहून एक भीती मोठी होती आणि ती रोज थोडी थोडी वाढायची. मीनानं मला पाहून हात वर केले, ते शेवटचं. वर्षाच्या लेकराला किती लक्षात राहतं? मी वाचले आणि पोरीनं मला ओळखलंच नाही, तर मग वाचून काय करायचं होतं मला?

रविवार

रविवारी भेटीला माणसं यायची. भेट म्हणजे कडुलिंबाच्या झाडाखाली. खोली नव्हती. पाऊस आला की भेट बंद, माणसं फाटकातूनच परत.

पहिल्या रविवारी बाई मीनाला घेऊन आल्या. कमल सिस्टरनं त्यांना बजावलं, "लेकरू आलं का पेशंटनं तोंड फिरवून बोलाचं." सिस्टरला म्हणायचं होतं, खोकला आला तर तोंड फिरवा. बाईंनी ते देवाच्या नेमासारखं धरलं. झाडाखाली चटई टाकली, मीनाला तिच्यावर बसवलं आणि मला लांबून हुकूम सोडला.

"फिर तिकडे."

"बाई, मले पाहू तं द्या तिले."

"पाह्यलं नं येताना? फिर तिकडे. पोट्टी वाचली पाह्यजे का नाई?"

ह्याच्यापुढे काय बोलणार. मी पाराच्या कडेवर पाठ करून बसले. पुढे तेच ठरून गेलं. रविवार आला की बाई चटई टाकायच्या, मी पाठ करायची. समोर दवाखान्याची भिंत आणि मागे माझी पोर. मी भिंतीशी बोलायची. "मीना, जेवली काय? मीना, काय खेळते?" मागून कधी उत्तर यायचं, कधी नाही. बाई सांगायच्या, दात आला, चालायला लागली, मला आई म्हणते. हे शेवटचं त्यांनी सहज सांगितलं. आई म्हणजे मी नाही, त्या.

मग एका रविवारी माझ्या पाठीवर काहीतरी टपकन लागलं. लिंबोळी. मीनानं मारलेली. मी मान जोरात हलवली, वेणी इकडून तिकडे गेली. मागून खदखदून हसू आलं. परत लिंबोळी, परत वेणी. माझे केस तेव्हा लांब होते, कमरेच्या खाली. पोर हसत सुटली, मी भिंतीकडे तोंड करून हसत आणि रडत सुटले. तेव्हापासून तोच आमचा खेळ. लिंबोळ्या संपल्या की खडे, खडे संपले की चुरमुरे. पुढे बोलायला लागली तेव्हा मागून हुकूम यायचा, "हालव!" की मी वेणी हलवायची.

आजारानं माझे केस गळत होते. सिस्टर म्हणाल्या, कापून टाका, हलकं वाटेल. मी त्यांच्यावर अशी खेकसले की त्यांनी परत विषय काढला नाही.

केळी

वर्ध्यातल्या एका मंडळाची माणसं केळी वाटायला आली. सोबत मधू फोटोवाला. गावात त्याचा छोटा स्टुडिओ होता, पंचविशीतला पोरगा, खांद्याला कॅमेरा आणि पायात झिजलेल्या चपला. मंडळाच्या अध्यक्षांनी केळ्याची फणी हातात धरली, आम्हाला त्यांच्यामागे उभं केलं आणि मधूनं कॅमेरा डोळ्याला लावला.

आम्ही सगळ्या बायकांनी पाठ फिरवली. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. एकीच्या नवऱ्यानं घरात सांगितलं होतं ती मावशीकडे आहे, एकीच्या मुलीचं लग्न ठरत होतं, माझ्या आईचा पाय मोडला होता. पेपरात तोंड छापून आलं तर झालंच.

अध्यक्ष गोंधळले. "अहो, वळा ना! फोटो काढायचा आहे!"

"केळाचा काढा नं," पाठमोऱ्याच कौसल्याबाई म्हणाल्या. "केळाले कोनी वाळीत नाई टाकत."

मधू हसला आणि त्यानं खटका दाबला. अध्यक्ष फोटोत एकटेच समोर तोंड करून होते, केळी धरून.

काही दिवसांनी तो फोटो घेऊन मधू परत आला. आम्ही त्याच्यावर तुटून पडलो. "हे माही पाठ!" "अवो नाई, थे माही, हे पाह्य ठिगळ!" आणि मजा अशी की एकीलाही आपली पाठ ओळखता येईना. खरंच आहे, आपली पाठ आपण कुठे पाहतो. मला माझी वेणीवरून सापडली. खांद्याची हाडं वर आलेली, पोलकं लोंबत होतं. मी ते पाहत राहिले. मनात आलं, मीना रविवारी पाहते ते हे.

मधू म्हणाला, "ताई, असेच एकेकीचे काढू द्या मले. मोठे करतो, मानसाएवढे. बांबूले टांगतो, लोकं त्याच्यातून फिरतीन. जे पैसे जमतीन त्याची भेटीची खोली बांधू इथे. पावसात बी लेकरं भेटली पाह्यजे."

"नाव लिहिशीन?" एकीनं विचारलं.

"नाई."

"गाव?"

"काईच नाई लिहित. नुसती पाठ."

"तू काऊन करून राह्यला हे सारं?" कौसल्याबाईंनी रोखून विचारलं.

तो जरा चुळबुळला. "माही माय इथंच होती. मी लहान होतो. जून-जुलैत गेली थे. पाऊस लय होता त्या साली." एवढंच म्हणून तो कॅमेऱ्याचं झाकण उघडबंद करत बसला. 

फोटोच्या दिवशी बायकांनी काय नट्टापट्टा केला, मायबाई! तोंड दिसणार नाही तरी पावडर लावली. मी वेणीला तेल लावून घट्ट घातली.

मांजरपाट

माणसाएवढा फोटोचा कागद मधूकडे कुठला. त्यानं एकेक पाठ पट्ट्या-पट्ट्यांत छापली, आणि पट्ट्या जोडून मांजरपाटावर खळीनं चिकटवल्या. कापडाला वरखाली नेफा हवा होता, बांबू ओवायला. मला शिवण येत होती. डॉक्टरांनी तोवर मला उठून बसायची मोकळीक दिली होती, म्हणून मधूनं हातमशीन व्हरांड्यात आणून ठेवली.

बाई गं, त्या मशीनीनं मला जगवलं. हाताला काम मिळालं आणि पायांच्या फेऱ्या थांबल्या. कौसल्याबाई म्हणाल्या, "मधू, तुहे उपकार हायेत बाप्पा. आता डोया लागन माहा." खळीला मुंग्या लागायच्या, त्या मी फुंकरीनं उडवायची. माझ्या फोटोत जोड बरोबर वेणीवर आला होता, मधोमध वेणी बोटभर सरकलेली. मधू म्हणाला परत छापतो. मी म्हटलं राहू दे, कागद कशाला नासतो.

तोंड

अशाच एका रविवारी डॉक्टर लिंबाखालून जात होते. मी भिंतीकडे तोंड करून बसलेली पाहून थांबले.

"पाठ करून का बसता तुम्ही?"

"बाई म्हणतात. सिस्टरनं सांगतलं होतं."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, औषध लागू पडून कितीतरी दिवस झाले, तुमच्यापासून आता लेकराला धोका नाही, खोकताना पदर धरा की झालं. "समोर बसा, बोला, जवळ घ्या. कोणी अडवलं होतं?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी बाईंवर ओरडले, सगळ्यांसमोर. वर्षभर भिंत पाहिली मी, भिंत! बाईंनी चटईचं टोक सरळ केलं. मग म्हणाल्या, "मले जे सांगतलं थे मी केलं. माह्या नंदेचं लेकरू ह्याच बिमारीनं गेलं, माह्या मांडीवर. तुले काय माहीत."  ही गोष्ट त्यांनी कधीच काढली नव्हती.

मी वळले. चटईवर मीना. केवढी मोठी झाली होती! येता-जाता लांबून पाहिलं होतं तिला, पण अशी समोर नाही. तिच्या मुठीत लिंबोळ्या होत्या. "मीना," मी म्हटलं आणि हात पुढे केले.

पोरगी किंचाळली. लिंबोळ्या टाकून बाईंकडे पळाली आणि त्यांच्या लुगड्यात तोंड खुपसून "आई, आई" करत रडायला लागली. बाई कावऱ्याबावऱ्या झाल्या, तिला माझ्याकडे वळवायला लागल्या, तशी ती आणखीच रडायला लागली. मी हात मागे घेतले. त्या दिवशी खेळ झाला नाही.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, घरी जायला हरकत नाही, गोळ्या घरूनच घ्या. वर्षभर ज्या शब्दाची वाट पाहिली तो आला आणि मी म्हटलं, "थांबते थोडे दिवस. शिवण राह्यली हाय." सगळे माझ्याकडे पाहायला लागले. हे रविवारी आले. "चाल नं घरी," म्हणाले. मी म्हटलं येते. त्यांना काय सांगणार होते? की मला माझ्याच पोरीची भीती वाटते? घरी जाऊन मी तिच्यासाठी एक परकी बाई होणार, जिच्या तोंडाकडे पाहून ती रडते.

जिनिंगचं शेड

मधूला हिंगणघाटात एका जिनिंगचं शेड मिळालं. हंगाम संपला होता, कापूस उचलून झालेला, नुसती जमिनीवर सरकी सांडलेली. ट्रकमधून फोटो न्यायचे होते आणि फाटलेल्या कडा तिथे टाचायला कोणीतरी हवं होतं. बऱ्या झालेल्या म्हणून मी आणि कौसल्याबाई गेलो. माझंच गाव. जाऊ नये हे मला कळत होतं. पण मिलचा भोंगा ऐकायचा होता, आपल्या गल्लीच्या जवळून एकदा जायचं होतं. मी डोक्यावरून पदर घेतला आणि ट्रकमध्ये चढले.

मधूनं शेडभर बांबूच्या चौकटी उभ्या केल्या, त्यात पाठमोऱ्या बायका. रांगेनं नाहीत, जत्रेत माणसं उभी राहतात तशा, कोणी इकडे, कोणी तिकडे. वरून बल्ब सोडलेले. तुम्ही आत गेलात की तुमच्या चहूबाजूंनी माणसाएवढ्या बायका, आणि एकही तुमच्याकडे पाहत नाही. माणसं आली की आधी हसायची. मग एकेक जण तोंड पाहायला म्हणून चौकटीच्या मागे जायचा. मागे कोरा मांजरपाट. ते कोरं कापड पाहून माणूस जरा थांबायचा आणि गुमान डब्यात काहीतरी टाकायचा. मी पाहत होते, जवळजवळ प्रत्येक जण मागे जात होता.

संध्याकाळी गर्दी वाढली. फुकट आणि दिव्यांचा झगमगाट, म्हणून सगळं गाव लोटलं. मी माझ्याच फोटोची खालची कड टाचत होते आणि ऐकू आलं, "अवो बाई, इकडे पाह्या, इकडे!" नळावरची पार्वताबाई. तिच्यामागे चाळीतल्या तिघी. आणि त्यांच्यामागे आमच्या बाई, कडेवर मीना.

मला पळायला जागा नव्हती. मी माझ्या फोटोच्या मागे सरकले, कोऱ्या कापडाआड, आणि श्वास रोखून उभी राहिले. खोकला येऊ नये म्हणून पदर तोंडात धरला.

बायका समोर आल्या. "काय केस हायेत व हिचे," पार्वताबाई म्हणाली. "कोनाची बिचारी असन." बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी ओळखलं असेल का? त्या इतक्या गप्प कधी नसत.

आणि मीना ओरडली, "आई!"

"काय बाळा?" बाई म्हणाल्या.

"तू नाई! आई! थे आई!"

मला कापडातून काही दिसत नव्हतं, सगळं ऐकू येत होतं. मीना कडेवरून उतरली. तिची पावलं जवळ आली, थांबली. मग कापडावर बारीक काहीतरी टपटप लागलं, माझ्या छातीच्या अगदी पुढ्यात. खाली सांडलेली सरकी. ती मूठमूठ उचलून फोटोला मारत होती.

"हालव!"

फोटो कसा हलणार.

"हालव ना!" परत सरकी. "आई, हालव ना!" आता आवाज रडवेला झाला होता. "हालवत नाई!"

मी तिथे उभी होते, पदर दातात. पुढे झाले तर चाळीला सगळं कळणार, आणि पोरगी माझं तोंड पाहून पुन्हा किंचाळणार. नाही झाले तर ती समजणार, आईनं हलवायचं बंद केलं.

मी विचार करत होते तोवर तीच मागे आली. सगळे येत होते तशी, तोंड शोधत. चौकटीला वळसा घालून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. दोन्ही मुठीत सरकी. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. खालचा ओठ बाहेर आला. एक पाऊल मागे गेली.

मला तेव्हा काय सुचलं मला सांगता येत नाही. मी गर्रकन वळले, पदर खाली ओढला आणि पाठ करून जमिनीवर बसले. मान हलवली, जोरात. वेणी इकडून तिकडे गेली.

मागे काहीच आवाज नाही. मी परत हलवली.

मग पाठीवर सरकी पडली. आणि ते खदखदून हसू आलं, लिंबाखालचं. दुसऱ्या मुठीतली सरकी पडली. मग हसणं जवळ आलं आणि दोन लहान हात मागून माझ्या गळ्यात पडले. तिचं गरम पोट माझ्या पाठीला टेकलं. वर्षभरानं माझी पोर माझ्या अंगाला लागली होती. मी हललेसुद्धा नाही. मी, शांता, जिला एका जागी बसवत नाही.

पार्वताबाई मागे येऊन उभी राहिली होती. "अवो, हे तं तुमची शांता! आर्वीले होती नं? आईचा पाय—"

सगळ्या बाईंकडे पाहायला लागल्या. बाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला.

"पाय-बिय काई मोडला नोता," त्या म्हणाल्या, शेडमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं. "टीबी झाला होता माह्या सुनेले. बरी झाली. हा फटू तिचाच हाय. पाह्यजे तं नळावर हंडा नोका ठेवू देऊ." मग माझ्याकडे वळल्या. "ऊठ आता. सरकीत बसली, लुगड्याले तेल लागन."

त्या संध्याकाळी मी दवाखान्यात परत गेले नाही. कौसल्याबाई ट्रकमधून ओरडल्या, "आता झोपीन मी सुखानं!" चाळीपर्यंत मीनाला पाठीवरच नेलं, कडेवर घेऊ पाहिलं तर तोंड फिरवायची. मुठीत वेणी धरून होती. नळावर काही दिवस आमचा हंडा बाजूला सरकायचा, बाई तो परत रांगेत आणून ठेवायच्या. माझ्या तोंडाची सवय मीनाला हळूहळू झाली, जेवताना, वेणी घालताना, आरशातून. पहिल्यांदा समोरून "आई" म्हणाली तेव्हा मी पोळी करत होते, पोळी जळली.

खोली

भेटीची खोली झाली. मोठी नाही, वर पत्रे आहेत, पण पावसात भेट बंद पडत नाही. मधूनं शेडमधला एकच फोटो तिथे लावला आहे, माझा नाही, कौसल्याबाईंचा. माझा मीनानं मागून घेतला, तो घरी दाराच्या मागे टांगलेला आहे, वेणी मधे सरकलेली तशीच.

जमेल तसा रविवारी मी तिथे जाते. मीना आता शाळेत आहे, कधी सोबत येते. अजूनही एखादी सासू, एखादा बाप चटई टाकून हुकूम सोडतोच, "फिर तिकडे." मग मला बसवत नाही. मी उठून त्या बाईजवळ जाते आणि सांगते, तेच तुम्हालाही सांगते आहे: खोकला आला तं तोंड फिरव माय, पदर धर. नाई आला तं लेकराकडे पाह्य.